निळ्या पट्ट्यांचा स्नॅपर कसा ओळखावा: जागा, पोट आणि मग पट्टे

प्रवाळ खडकावर मास्क लावून पहिल्यांदा तोंड पाण्यात घातलं की नजर कुठे ठेवावी तेच कळत नाही. त्या गोंधळातही एक थवा हमखास लक्ष वेधून घेतो. हळदीसारखे पिवळेधमक मासे, अंगावर आडवे निळे पट्टे, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला आणि हालचाल जवळजवळ नाहीच. वर आल्यावर जो तो हेच सांगतो: "पिवळा मासा होता, निळ्या पट्ट्यांचा." एवढ्याच वर्णनात बसणारे मासे जगाच्या उष्ण समुद्रांत किमान सहा-सात तरी आहेत, आणि त्यातले काही तर स्नॅपरच नाहीत.

हा लेख त्यातल्या सर्वात जास्त भेटणाऱ्या माशाबद्दल आहे. शास्त्रीय नाव लुटजॅनस कास्मिरा, बोलताना आपण त्याला निळ्या पट्ट्यांचा स्नॅपर म्हणू. त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन पेटर फोर्स्कोल या निसर्गअभ्यासकाचं आहे. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेत तो होता आणि १७६३ साली येमेनमध्येच वारला. त्याच्या नोंदी सोबतच्या कार्स्टन नीबूरने जपून परत नेल्या आणि १७७५ साली छापल्या, म्हणून हा मासा आज त्याच्या नावावर आहे. नोंदवहीबद्दल शेवटी बोलणारच आहे, तेव्हा फोर्स्कोल लक्षात ठेवा.

नवीन माणूस सहसा थेट पट्टे मोजायला लागतो. मी क्रम वेगळा सांगेन: आधी तुम्ही कुठल्या समुद्रात आहात ते, मग हा स्नॅपर आहे का ते, मग पोट, आणि त्यानंतर पट्टे. या क्रमाने गेलात तर पट्टे नीट मोजता आले नाहीत तरी बऱ्याचदा नाव सापडतं.

पाण्यात उतरण्याआधी: नकाशा

निळ्या पट्ट्यांच्या स्नॅपरचं घर फार मोठं आहे. पश्चिमेला तांबडा समुद्र आणि पूर्व आफ्रिकेचा किनारा, तिथून हिंदी महासागर ओलांडून पॅसिफिकमधल्या लाइन आणि मार्केसास बेटांपर्यंत, उत्तरेला दक्षिण जपान आणि दक्षिणेला ऑस्ट्रेलिया. या पट्ट्यात तुम्ही कुठेही असाल तर तो भेटण्याची शक्यता धरून चाला.

कॅरिबियनमध्ये असाल तर मात्र तो विचार बाजूला ठेवा. तिथला पिवळा-निळा पट्टेरी मासा बहुधा निळ्या पट्ट्यांचा ग्रंट असतो, शास्त्रीय नाव हेम्युलॉन सायुरस. तो वेगळ्याच कुळातला. त्याच्या पाठीच्या पराचा मागचा भाग आणि शेपटी काळपट असते, तेवढ्यावरून तो लगेच वेगळा काढता येतो. गॅलापागोस किंवा मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर असाल तर तिथे लुटजॅनस व्हिरिडिस राहतो. पिवळ्या अंगावर निळसर पांढरे पाच पट्टे आणि प्रत्येक पट्ट्याला गडद कड. फोटोत हे दोघं कास्मिराचे सख्खे भाऊ वाटतात. जागा माहीत असेल तर प्रश्नच उरत नाही.

हवाई बेटं हा एक खास अपवाद, आणि त्याची गोष्ट पुढे येईल.

फिशबेस या संकेतस्थळावर कोणत्याही माशाचं नाव टाकलं की त्याच्या वावराचा नकाशा दिसतो. ज्या समुद्रात जायचं तिथल्या पट्टेरी पिवळ्या माशांची चार-पाच नावं आधीच वहीत लिहून न्या. पाण्याखाली एवढी छोटी यादी पुरते. जाडजूड पुस्तकातले शेकडो फोटो तिथे आठवत नाहीत.

हा स्नॅपरच आहे का?

स्नॅपरचं कुळ मोठं आहे, शंभराहून जास्त जातींचं. तरी त्यांची ठेवण एकदा डोळ्यांत बसली की पुन्हा विसरत नाही. डोकं बाजूने पाहिलं तर त्रिकोणी, नाकाडाकडे निमुळतं होत गेलेलं. तोंड मोठं आणि पुढच्या टोकाला. जबड्यात पुढे सुळ्यासारखे दात, जे तोंड किंचित उघडलं तरी कधी कधी दिसतात. पाठीवर सलग एकच पर, त्याचा पुढचा भाग टोकदार काट्यांचा आणि मागचा मऊ. शेपटीला मधोमध उथळसा खळगा.

स्नॅपर म्हणजे लाल मासा, असंही बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. लाल स्नॅपर आहेतच, पण त्याच कुळात चंदेरी आहेत, करडे आहेत, काळे-पांढरे आहेत आणि हे पिवळे आहेत. म्हणून कुळ ओळखताना रंग विसरा आणि ठेवण पाहा.

याच खडकांवर फसवणारे तीन शेजारी भेटतात.

पहिला फ्युझिलियर. निळा-पिवळा, थव्याने राहणारा. पण त्याची शेपटी कात्रीसारखी खोल दुभंगलेली, तोंड अगदी लहान, आणि तो मोकळ्या पाण्यात सतत पोहत प्लवक टिपत असतो. आपला स्नॅपर दिवसा असा धावपळ करताना दिसत नाही. थवा वेगाने येऊन डोक्यावरून निघून गेला तर तो बहुधा फ्युझिलियरचा.

दुसरा स्वीटलिप्स, ग्रंटांच्या कुळातला. जाड मांसल ओठ पाहिले की पुढे काही तपासायची गरज नाही. त्याच्या पट्टेरी जातीत पट्ट्यांची संख्याही खूप जास्त असते.

तिसरा सगळ्यात मजेदार, तो म्हणजे गोटफिश. त्याच्या हनुवटीखाली दोन मिशा असतात, त्यांनी तो वाळू चाचपत फिरतो. पाठीवर एकमेकांपासून सुटे दोन पर. पिवळ्या पराचा गोटफिश तर स्नॅपरांच्या थव्यातच मिसळून विसावतो, त्यामुळे एक फोटो काढला की त्यात दोन कुळं येतात. मार्केसास आणि लाइन बेटांच्या भागात याहून पुढची पायरी आहे. तिथल्या एका गोटफिशने निळ्या पट्ट्यांच्या स्नॅपरचा रंगच उचलला आहे: पिवळं अंग, निळे पट्टे, आणि राहतोही त्यांच्याच थव्यात. १९८० साली त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आणि शास्त्रीय नावात 'मिमिकस', म्हणजे नकला करणारा, हा शब्द आला. मिशा त्याने हनुवटीखाली मिटून घेतल्या तर भले भले फसतात. तेव्हा पाठीवरचे पर मोजायचे: सलग एक असेल तर स्नॅपर, सुटे दोन असतील तर गोटफिश.

पोट आधी, पट्टे नंतर

आता मासा समोर आहे, स्नॅपर आहे एवढं नक्की आहे. थव्यातला कडेचा एकच मासा निवडा. अख्ख्या थव्याकडे पाहत राहिलात तर पट्टे एकमेकांत मिसळतात आणि आकडा दर वेळी वेगळा येतो.

कास्मिराचं अंग वरून साधारण दोन तृतीयांश गडद पिवळं असतं आणि खालचा एक तृतीयांश भाग पांढुरका. डोक्याची खालची बाजूही पांढरी. त्या पांढऱ्या भागावर अगदी पुसट, करड्या रंगाच्या बारीक आडव्या रेघा असतात. पेन्सिलने हलक्या हाताने ओढून मग खोडल्यासारख्या. लांबून त्या दिसत नाहीत. दोनेक मीटरवर आलात, पाणी स्वच्छ असलं आणि ऊन बाजूने पडलं की दिसतात. हीच त्याची खरी खूण, आणि नेमकी तिच्याकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, कारण डोळे निळ्यावर खिळलेले असतात.

पोटाचं पाहून झालं की पट्टे. मोजायची जागा ठरलेली ठेवा: अंगाच्या मध्यावर, पाठीच्या पराच्या मधल्या भागाखाली, वरून खाली. डोक्यावर मोजू नका. तिथे पट्टे डोळ्याभोवती अडतात, तुटतात, एकाचे दोन वाटतात. कास्मिराचे मध्यावरचे ठळक निळे पट्टे चार. खालच्या करड्या रेघा या मोजणीत धरायच्या नाहीत. पाच-सहा पट्टे मोजल्याचं कुणी सांगितलं की मी आधी हेच विचारते: करड्या रेघा त्यात धरल्या होत्या का?

आता सख्खे भाऊ.

बंगाल स्नॅपर, म्हणजे लुटजॅनस बेंगालेन्सिस. पट्टे चारच, पोट पांढरं, म्हणजे पहिल्या नजरेला अगदी तोच. पण त्याचं पोट स्वच्छ पांढरं असतं, त्यावर करड्या रेघा नसतात, आणि पिवळं कुठे संपतं ते एखाद्या कडेसारखं नेमकं दिसतं. आणखी एक खात्रीची खूण पाठीच्या परात आहे. कास्मिराच्या परात १० काटे, बंगाल स्नॅपरच्या परात ११ किंवा १२. पोहत्या माशाचे काटे मोजणं सोपं नाही, कारण निवांत असताना तो पर मिटून ठेवतो. पण दुसरा मासा अंगावर आला की पर क्षणभर ताठ उभा राहतो, आणि तो क्षण फोटोत सापडला तर घरी बसून मोजता येतात.

पाच रेघांचा स्नॅपर, लुटजॅनस क्विंक्वेलिनिएटस. इथे पोटही पिवळं असतं, सगळं अंग एकाच रंगात बुडवून काढल्यासारखं. पट्टे पाच. शिवाय पाठीकडे, पराच्या मऊ भागाखाली, एक गोल काळा ठिपका, साधारण डोळ्याएवढा. ठिपका कधी पुसट असतो, कधी नसतोच, म्हणून त्याच्यावर विसंबू नका. पिवळं पोट पुरेसं आहे.

तांबड्या समुद्राच्या आणि एडनच्या आखाताच्या बाजूला, ओमानपर्यंत, लुटजॅनस सेरुलिओलिनिएटस भेटतो. त्याच्यावर निळ्या रेघा सहा ते आठ आणि पाठीवर काळा ठिपका. मोजताना चारच्या बराच पुढे गेलात आणि तुम्ही त्या भागात असाल, तर हे नाव वहीत हवं.

काळ्या ठिपक्यावरून आणखी एक गल्लत होते. लुटजॅनस फुल्विफ्लॅमा या स्नॅपरला मोठा काळा ठिपका असतो आणि अंगावर पट्टेही असतात. फक्त ते पट्टे पिवळे असतात आणि अंग चंदेरी. घाईत पाहिलं की डोकं 'पिवळा, पट्टे, ठिपका' एवढंच साठवतं आणि रंगांची अदलाबदल होते. पट्टा कुठल्या रंगाचा आणि अंग कुठल्या रंगाचं, हे दोन वेगळे प्रश्न म्हणून मनाला विचारायची सवय लावून घ्या.

माझ्या पहिल्या वर्षीच्या फोटोंमध्ये पिवळे पट्टेरी मासे ढिगाने आहेत आणि त्यातल्या निम्म्यांचं नाव मला आजही सांगता येत नाही. कारण एकच: मी पृष्ठभागावर तरंगत होते आणि सगळे फोटो वरून काढलेले. वरून पाठ दिसते, वरचे दोन पट्टे दिसतात, पोट कधीच दिसत नाही. ते फोटो पाहिले की वाटतं, तेव्हा कुणी एकदा तरी सांगायला हवं होतं की माशाच्या पातळीला ये.

गालावरची खाच

स्नॅपरच्या गालावर, कल्ल्याच्या झाकणाच्या पुढे, हाडाची एक उभी पट्टी असते. कास्मिरात या पट्टीच्या मागच्या कडेला ठसठशीत खाच असते आणि त्या खाचेत मागून एक छोटा गुठळीसारखा उंचवटा बसलेला असतो, कडी-कोयंडा बसावा तसा. प्रत्येक स्नॅपरमध्ये ही खाच इतकी खोल नसते, म्हणून जाती वेगळ्या करताना अभ्यासक ती आवर्जून पाहतात.

मी ती प्रत्यक्ष पाहिली ती एका उंचवट्याच्या सावलीत. थव्यातला एक मासा माझ्याकडे वळून थांबला होता. तोंड उघडझाप करत होता, दर वेळी कल्ल्याचं झाकण थोडं उचललं जाई, आणि त्या उचलण्याने गालावरची ती खाच उघडायची, मिटायची. डोळ्याची कड पिवळसर होती आणि निळा पट्टा डोळ्यापाशी येऊन थबकला होता. पुस्तकातलं रेखाचित्र अनेकदा पाहूनही मला ती खाच समजली नव्हती. ती त्या अर्ध्या मिनिटात समजली.

नवख्याला याची लगेच गरज नाही. पण जवळून काढलेला फोटो असेल तर गाल मोठा करून जरूर पाहा. पाठीवर, शरीराच्या कडेने जाणाऱ्या बारीक रेषेच्या वरच्या बाजूला, खवल्यांच्या रांगा शेपटीकडे तिरप्या चढत जातात, तेही अशा फोटोत दिसतं.

दिवसाचा पत्ता, रात्रीचा पत्ता

या माशाला ओळखण्याचं अर्धं काम त्याची जागा करते, म्हणून इथे जरा थांबते.

दिवसा तो विश्रांती घेतो. त्यासाठी त्याला आडोसा हवा: प्रवाळाचा मोठा उंचवटा, कपारीचं तोंड, पुढे आलेल्या खडकाखालची सावली, बुडालेल्या जहाजाचा सांगाडा. सपाट, उघड्या प्रवाळाच्या पठारावर एकटादुकटा दिसेलही, पण मोठा थवा पाहायचा तर सभोवतालच्या सपाटीतून उठून दिसणारी वस्तू शोधा. लगूनमध्ये, म्हणजे खडकाच्या आतल्या उथळ शांत पाण्यात असाल तर वाळूत एकट्या उभ्या असलेल्या प्रवाळाच्या ढिगाऱ्याकडे जा. बाहेरच्या उतारावर असाल तर जिथे उतार अचानक तुटतो ती कड पाहा. प्रवाह असेल तर थवा बहुतेक वेळा प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी तरंगत असतो. सगळ्यांची तोंडं एका दिशेला का, याचं उत्तर तेच. त्यांच्या तोंडांवरून प्रवाहाची दिशा कळते, आणि परत कुठल्या बाजूने पोहायचं हे ठरवताना तिचा उपयोग होतो.

खोलीच्या बाबतीत तो फार मोकळा आहे. ३ मीटरच्या उथळ पाण्यातही भेटतो आणि २०० मीटरच्या खालूनही त्याची नोंद आहे. स्नॉर्केल करणाऱ्याला आणि टाकी लावून उतरणाऱ्याला, दोघांनाही तो दिसू शकतो. नवख्यासाठी हा मासा इतका सोयीचा का, त्याचं हे एक कारण.

संध्याकाळी चित्र बदलतं. उजेड उतरू लागला की थवा सैल पडतो. कडेचे मासे सुटतात, मग मधले, आणि अंधार पडेपर्यंत उंचवट्याभोवती कुणी उरत नाही. ते वाळूवर, खडकांच्या मधल्या मोकळ्या जागांत पांगतात आणि एकेकटे शिकार करतात: खेकडे, कोळंबी, लहान मासे, माकुळाच्या जातीचे प्राणी. सकाळी परत त्याच आडोशाला गोळा होतात. म्हणून एकच जागा दुपारी पाहिली तर मासे शेकड्यांनी, आणि रात्री टॉर्च घेऊन गेलात तर वाळूवर इकडेतिकडे विखुरलेला एखादा. रात्री तो दिसला नाही म्हणून ही त्याची जागा नाही असं लिहू नका. त्याची जेवणाची जागा आणि विसाव्याची जागा वेगळी आहे.

याचा आणखी एक अर्थ निघतो. फक्त प्रवाळाचा उंचवटा टिकला आणि आजूबाजूची वाळू, सागरी गवत नाहीसं झालं, तर या माशाचं भागणार नाही. पिल्लं तर लहानपणी सागरी गवताच्या पट्ट्यांत आणि छोट्या सुट्या खडकांजवळ वाढतात. अंडी आणि त्यातून निघालेल्या अळ्या मोकळ्या पाण्यात तरंगत जातात, मग कुठेतरी उथळ आसरा मिळाला की तिथे स्थिरावतात. खडकाकडे जाता-येता वाटेत सागरी गवत लागलं तर वरून पोहत पुढे जाऊ नका. पाच मिनिटं थांबून गवताच्या कडा पाहा. बोटाएवढे पट्टेरी मासे तिथे सापडले तर तुम्हाला त्याच्या आयुष्याचा पहिला पत्ता सापडला. पिल्लांच्या बाबतीत नाव ठरवायची घाई मात्र नको. स्नॅपरांत काहींची पिल्लं मोठ्या माशांहून अगदी निराळी असतात. लुटजॅनस सेबीचं पिल्लू पांढऱ्या अंगावर गडद रुंद पट्टे घेऊन समुद्री साळूच्या काट्यांमध्ये लपून राहतं, आणि मोठा झाल्यावर तोच मासा लाल होतो.

चिखलाच्या, गढूळ, खारफुटीच्या खाडीत पट्टेरी पिवळा स्नॅपर शोधू नका. ते घर दुसऱ्या स्नॅपरांचं आहे.

हवाईची गोष्ट

वर म्हटलेला अपवाद हा. हवाई बेटांच्या उथळ पाण्यात स्नॅपरांच्या जाती मुळात फार कमी होत्या. मासेमारीला हातभार लागावा म्हणून १९५८ साली मार्केसास बेटांवरून निळ्या पट्ट्यांचे स्नॅपर आणून ओआहू बेटाजवळ सोडले. पुढे १९६१ साली सोसायटी बेटांवरून आणखी थोडे आणले. सगळे मिळून जेमतेम तीन हजारांच्या आसपास मासे. तिथून ते बेटामागून बेट ओलांडत गेले आणि आज त्या साऱ्या द्वीपमालिकेत त्यांचे थवे आहेत. तिथे त्यांना 'तापे' म्हणतात आणि ते बाहेरून आणलेले, पसरलेले मासे म्हणून मोजले जातात.

तरंगणाऱ्या अळ्या, उथळापासून खोलपर्यंत चालणारी सवय, खाण्यात नखरे नाहीत: वर सांगितलेला प्रत्येक गुण या प्रसाराच्या कामी आला. हवाईत हा मासा दिसला तर ओळख तीच राहील, पण वहीत 'आणलेला' असं जरूर लिहा.

पाण्यातलं वागणं

थव्याच्या दिशेने सरळ पोहत गेलात तर तो तुमच्या वेगाने मागे सरकतो आणि अंतर तेवढंच राहतं. म्हणून बाजूने, तिरपं जा. पाच-सहा मीटरवर थांबा. श्वास संथ ठेवा, हात जवळ घ्या, आणि दोन मिनिटं काहीही करू नका. थवा हळूहळू पुन्हा मूळ जागी येतो, कधी कधी तुमच्या आजूबाजूलाही येतो. मग फोटो.

फोटोसाठी तीन गोष्टी. माशाच्या पातळीला उतरा. संपूर्ण बाजू, नाकाडापासून शेपटीपर्यंत आणि पोटासकट, चौकटीत घ्या. आणि थव्याच्या सुंदर फोटोआधी एका माशाचा साधा फोटो काढा. सुंदर फोटो भिंतीवर लावायला, साधा फोटो नाव शोधायला.

खोलात रंग बदलतात हे लक्षात असू द्या. पाणी आधी लाल गिळतं, पिवळा आणि निळा त्यामानाने बराच वेळ टिकतात, त्यामुळे हा मासा खोलातही ओळखता येतो. पण पांढरं पोट निळसर दिसू लागतं आणि करड्या रेघा तर गायबच होतात. छोटी टॉर्च जवळून मारली की दोन्ही परत येतात. आकाराचंही तसंच. मास्कमधून वस्तू साधारण एक तृतीयांशाने मोठी दिसते. हा मासा सहसा २५ सेंटिमीटरच्या आसपास असतो, फार तर ४०. पाण्याखाली तुम्हाला ३३ सेंटिमीटर वाटला असेल तर वहीत २५ लिहा.

थवा कपारीत शिरला तर मागोमाग शिरू नका. तिथे विषारी काट्यांचा लायनफिश बसलेला असू शकतो, समुद्री साळू असतात, आणि तुमच्या पायातल्या पोहण्याच्या पंखाच्या एका फटक्याने कित्येक वर्षांत वाढलेलं प्रवाळ तुटतं. प्रवाळाला धरून स्थिर राहण्याचा मोह नवख्याला फार होतो. तरंगणं अजून जमत नसेल तर आधी वाळूवरच्या मोकळ्या पाण्यात ते जमवा, मग खडकाजवळ जा. थवा उद्याही तिथेच असेल.

वहीत काय लिहायचं

पाण्याबाहेर आल्यावर गप्पा सुरू होण्याआधी लिहा. दुसऱ्यांनी काय पाहिलं ते ऐकलं की आपली आठवण त्याप्रमाणे बदलते. माझ्या वहीतल्या एका पानावर असं आहे:

"दुपार, ९ मीटर. वाळूत एकटा प्रवाळाचा ढीग, पूर्वेकडच्या बाजूला सावली. साठ-सत्तर मासे, प्रवाहाकडे तोंड. पाठीवर सलग एक पर, मिशा नाहीत. पोट पांढरं, टॉर्चमध्ये करड्या रेघा दिसल्या. निळे पट्टे चार, तीन वेगवेगळ्या माशांवर मोजले. ठिपका नाही. थव्यात चार गोटफिश. कास्मिरा, नक्की."

त्याच पानावर खाली दुसरी नोंद आहे: "परतताना, ४ मीटर, सागरी गवताची कड. पिवळा, बोटाएवढा, एकटा. पट्टे चार किंवा पाच. पोट दिसलं नाही. स्नॅपर, पुढे माहीत नाही."

दोन्ही फोटो आयनॅचरलिस्टवर टाकले, जागा आणि खोलीसकट. तिथे इतर निरीक्षक फोटो पाहून आपलं मत देतात. पहिल्यावर दुसऱ्या एका निरीक्षकाने तेच नाव दिलं. दुसरी नोंद अजून कुळाच्या पातळीवरच आहे, आणि पोट दिसेल असा फोटो मिळेपर्यंत ती तिथेच राहील.